मैफलीच्या वाद्यांचा विमा: सांगली-मिरजेतील नव्या कलाकारांसाठी मार्गदर्शन

तासगावच्या एका कार्यक्रमाहून परतताना आमचा टेम्पो गतिरोधकावरून जोरात आदळला, आणि मिरजेला पोहोचून गवसणी काढली तेव्हा तंबोऱ्याच्या भोपळ्याला तळापासून चीर गेलेली दिसली. तंबोऱ्याचा विमा उतरवलेला होता, हप्ताही वेळेवर भरलेला होता, तरीही दावा नामंजूर झाला. नकाराच्या पत्रात पॉलिसीतील एका कलमाचा हवाला होता: नाजूक किंवा ठिसूळ वस्तूंचे तडकणे, फुटणे अथवा त्यांना ओरखडे जाणे यांची भरपाई, आग लागली असल्याशिवाय किंवा वाहनाला अपघात झाला असल्याशिवाय, मिळणार नाही. त्या नाजूक वस्तूंच्या यादीत काच, चिनी मातीची भांडी आणि कॅमेरे यांच्या जोडीला ‘संगीतवाद्ये’ हा शब्दही स्पष्ट छापलेला होता. टेम्पोला अपघात झालेला नव्हता, तो फक्त उडाला होता. विमा घेताना ते कलम मी वाचलेले नव्हते, त्यामुळे कंपनीला दोष देण्यासारखे फारसे काही उरले नाही.

एका लहान संगीत मंडळाच्या वाद्यांची नोंद, ने-आण आणि देखभाल मी सांभाळतो. त्या कामातून जे शिकायला मिळाले, ते पहिल्यांदाच वाद्यांचा विमा उतरवू पाहणाऱ्या कलाकारांसाठी, भजनी मंडळांसाठी, ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीवाल्यांसाठी क्रमवार लिहितो आहे. ‘कोणती कंपनी चांगली’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. आपले वाद्य कोणते, त्याची किंमत किती आणि ते बहुधा कुठे व कसे बिघडेल, हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर कोणतीही पॉलिसी पुरी पडत नाही.

पहिली पायरी: वाद्याला कागदावर ओळख द्यावी

कीबोर्ड, मिक्सर, ॲम्प्लिफायर यांच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक छापलेला असतो. तो बिलावर उतरतो, पॉलिसीत उतरतो आणि दाव्याच्या वेळी कोणी शंका घेत नाही. हाताने घडवलेल्या वाद्याचे तसे नसते. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, आणि २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु एकाच कारागिराच्या हातचे दोन तंबोरेसुद्धा एकसारखे नसतात. कलाकाराच्या दृष्टीने हीच त्यांची थोरवी असते, विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र ‘तंबोरा, नग एक’ या नोंदीला काहीच अर्थ नसतो.

म्हणून प्रत्येक वाद्यासाठी एक स्वतंत्र पान करावे. तंबोरा किंवा सतार असेल तर कारागिराचे नाव, घडवल्याचे वा खरेदीचे वर्ष, लाकडाचा प्रकार, एकूण लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची व तरफांची (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांची) संख्या, खुंट्या आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) कशाची आहे, नक्षी कोणत्या पद्धतीची आहे आणि आजवर कोणत्या दुरुस्त्या झाल्या, हे लिहावे. तबल्याच्या जोडीसाठी खोडाचे लाकूड, डग्ग्याचा धातू, दोहोंची वजने, तोंडाचा व्यास आणि तबल्याचा स्वर यांची नोंद पुरेशी होते. पेटीसाठी सुरांच्या (वाजणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) ओळी किती, स्केल चेंजर (स्वर वरखाली सरकवण्याची सोय) आहे की नाही, भात्याची स्थिती कशी आहे आणि निर्मात्याची पट्टी कुठे लावलेली आहे हे लिहावे. ढोलकी, हलगी, संबळ, टाळ अशी वाद्ये एकेकटी स्वस्त वाटतात, परंतु पथकाची सगळी मिळून किंमत केली तर ती अनेकदा एखाद्या चांगल्या सतारीच्या बरोबरीने जाते. त्यामुळे त्यांचीही यादी करावी.

छायाचित्रे गवसणी काढून, दिवसाउजेडी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत. समोरची व मागची बाजू, घोडी, खुंट्या, निर्मात्याची पट्टी आणि विशेषतः आधीपासून असलेले ओरखडे व सांधे यांची जवळून घेतलेली छायाचित्रे असावीत. जुना ओरखडा लपवण्यापेक्षा दाखवलेला बरा, कारण नंतरची चीर नवी आहे हे सिद्ध करण्यास तोच उपयोगी पडतो. मी आणखी एक गोष्ट करतो: प्रत्येक वाद्य मिनिटभर वाजवून त्याचे चित्रण ठेवतो, म्हणजे अमुक तारखेला ते सुस्थितीत आणि वाजते होते याचा पुरावा राहतो. हे सारे केवळ घरातल्या फाइलमध्ये ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीतील अनेक घरांत वस्तूंबरोबर त्यांची बिलेही भिजून गेली. कागदपत्रांची एक प्रत ईमेलवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

बिलाविषयी थोडे परखडपणे सांगणे भाग आहे. आपल्याकडे वाद्ये गुरूंकडून, ज्येष्ठ कलाकाराकडून किंवा ओळखीतून रोखीने घेतली जातात आणि त्यांचे बिल नसते. अशा वेळी देणाऱ्याकडून वाद्याच्या वर्णनासह एक साधे पत्र आजच लिहून घ्यावे. दहा वर्षांनी ते मिळण्याची खात्री नसते. नवे वाद्य घेताना कर वाचवण्यासाठी कमी रकमेचे बिल घेण्याचा मोह होतो, परंतु पुढे नुकसान झाल्यावर तेच बिल आपल्या विरोधात उभे राहते.

दुसरी पायरी: किंमत ठरवावी

वाद्याच्या किमती तीन असतात. एक खरेदीची, दुसरी आजच्या बाजारात ते वापरलेले वाद्य विकले तर येणारी, आणि तिसरी तसेच नवे वाद्य आज घडवून घेण्यास लागणारी. पॉलिसी यांपैकी कोणत्या किमतीवर भरपाई देते हे विमा घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण वर्षांप्रमाणे घसारा वजा करण्याची रीत फ्रिज आणि पंख्यांसाठी ठीक असली तरी वीस वर्षे मुरलेल्या, लाकूड वाळून नाद खुललेल्या तंबोऱ्याला ती अन्यायकारक ठरते. शक्य असेल तेथे ‘मान्य मूल्य’ या आधारावर विमा मागावा. यात वाद्याची किंमत आरंभीच दोन्ही पक्षांनी मान्य करून पॉलिसीत लिहिलेली असते आणि वाद्य पूर्ण नष्ट झाल्यास त्यावर नंतर वाद उरत नाही. यासाठी वाद्यनिर्मात्याचे मूल्यांकनपत्र लागते. मिरजेत राहणाऱ्याला ही सोय दारात आहे: कारागिराकडून त्याच्या छापील कागदावर, तारीख, सही-शिक्का आणि वाद्याच्या पूर्ण वर्णनासह पत्र घ्यावे आणि दर दोन-तीन वर्षांनी ते नवे करावे.

हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी दाखवणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक असते. समजा, पेटीची खरी किंमत ८०,००० रुपये आहे आणि विमा ४०,००० रुपयांचाच उतरवला आहे. भाता फाटून व सूर निखळून ३०,००० रुपयांचे नुकसान झाले, तर ते ४०,००० च्या आतले असल्याने पूर्ण मिळेल असे वाटते. परंतु पॉलिसीत सरासरीचे कलम असेल तर निम्म्या किमतीचा विमा म्हणून निम्मीच भरपाई, म्हणजे १५,००० रुपये हाती येतात, आणि त्यातूनही प्रत्येक दाव्यामागे विमाधारकाने स्वतः सोसावयाची ठरीव रक्कम वजा होते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पॉलिसीत तर विम्याची रक्कम तशाच नव्या उपकरणाच्या करांसह आजच्या किमतीइतकी असावी, अशी अट असते. पाच वर्षांपूर्वीचे बिल तेथे पुरत नाही.

जोडीच्या वाद्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. वस्तू जोडीची किंवा संचातील असेल, तर जो भाग गेला त्याच्यापुरतीच भरपाई मिळेल आणि जोडी मोडल्यामुळे गेलेले विशेष मूल्य धरले जाणार नाही, असे कलम अनेक पॉलिसींत असते. जुळवून घडवलेल्या तंबोऱ्यांच्या जोडीतला एक चोरीला गेला, तर उरलेल्याला जोड शोधताना काय यातायात होते हे गायकाला सांगण्याची गरज नाही. म्हणून यादीत तबला व डग्गा, तसेच जोडीतील दोन्ही तंबोरे यांच्या किमती वेगवेगळ्या लिहाव्यात आणि जोडीचे मूल्य मान्य करता येते का, हे कंपनीला विचारावे.

तिसरी पायरी: वाद्याचा दिनक्रम मांडावा

कागद घेऊन महिनाभरात वाद्य कुठे कुठे जाते ते लिहून काढावे: घर, शिकवणीची खोली, टेम्पो, एसटीचा टप, रेल्वेचा डबा, नाट्यगृहाची रंगपटाची खोली, गावच्या जत्रेतला मंडप, मुक्कामाचे लॉज. प्रत्येक ठिकाणचा धोका निराळा असतो. कृष्णाकाठच्या सखल भागातील घराला पुराचा, जत्रेतल्या मंडपाला वळवाच्या पावसाचा व शॉर्टसर्किटचा, रंगपटाला चोरीचा आणि टेम्पोला आदळआपटीचा. घरच्या चार भिंतींपुरता असलेला विमा यांपैकी बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरतो.

चौथी पायरी: पॉलिसीचा प्रकार निवडावा

येथे एक गैरसमज आधी दूर करावा. आपल्या ओळखीचा विमा प्रतिनिधी बहुधा आयुर्विम्याचा असतो आणि तो हा विमा देऊ शकत नाही. त्यासाठी सर्वसाधारण विमा कंपनीकडे जावे लागते. प्रतिनिधी हा कंपनीच्या वतीने काम करतो, तर विमा ब्रोकर ग्राहकाच्या वतीने. वाद्यांसारख्या अनवट विम्यासाठी ब्रोकर अधिक उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

वाद्ये मुख्यतः घरीच असतील आणि भीती पुराची किंवा आगीची असेल, तर ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी पाहावी. १ एप्रिल २०२१ पासून ती सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे हे धोके तीत धरलेले आहेत, आणि इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सामानाला इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. मात्र तीत चोरी धरली आहे ती पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. शिवाय ही पॉलिसी घरगुती सामानासाठी आहे. वाद्यांवर आपली उपजीविका चालते हे कंपनीला लेखी कळवावे आणि ती सामानात धरली जातील का, याचे उत्तर लेखीच घ्यावे. भाड्याच्या खोलीत वर्ग चालवणाऱ्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती लागू होते.

घराबाहेर वाजणाऱ्या वाद्यासाठी खरा पर्याय म्हणजे ‘ऑल रिस्क’ पॉलिसी. दागिने, कॅमेरे आणि वाद्ये यांसारख्या माणसाबरोबर फिरणाऱ्या वस्तूंसाठी ती असते. आग, चोरी आणि अपघाती नुकसान यांपासून देशात कुठेही संरक्षण मिळावे अशी तिची रचना असते. नावात ‘ऑल’ असले तरी तीत सगळे धोके येत नाहीत, हे आमच्या तंबोऱ्याने दाखवून दिलेच आहे. परदेश दौरा असेल तर भौगोलिक मर्यादा वाढवून घ्यावी लागते, आणि वाद्ये तात्पुरती नेऊन परत आणण्यासाठीचे सीमाशुल्काचे कार्नेट, म्हणजे परवान्यासारखे कागदपत्र, भारतात ‘फिक्की’ ही संस्था देते, तेही वेळेत करावे.

कीबोर्ड, मिक्सर, ॲम्प्लिफायर असा ऑर्केस्ट्राचा सरंजाम असेल तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांची पॉलिसी अधिक योग्य ठरते, परंतु फिरत्या उपकरणांसाठीचे वाढीव संरक्षण तीत मागून घ्यावे. वाद्य स्वतः बरोबर न नेता ट्रान्सपोर्टने मुंबईला किंवा बेळगावला पाठवायचे असेल, तर त्या एका प्रवासापुरता अंतर्देशीय मालवाहतूक विमा घेता येतो. त्यातील ‘ए’ प्रकारात संरक्षण व्यापक असते आणि ‘बी’ प्रकारात आग, टक्कर, वाहन उलटणे अशा ठरावीक घटनांपुरते. मात्र कोणत्याही प्रकारात बांधणी अपुरी असेल तर दावा टिकत नाही. ऑल रिस्क पॉलिसीत मालवाहू कंपनीच्या ताब्यात दिलेल्या वस्तू अनेकदा वगळलेल्या असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

पाचवी पायरी: वगळलेल्या बाबी आधी वाचाव्यात

पॉलिसीचे दस्तऐवज पहिल्या पानापासून वाचण्याऐवजी ‘अपवाद’ या मथळ्यापासून वाचायला घ्यावेत. मी पुढील कलमे पेन्सिलीने खूण करून ठेवतो.

सर्वांत महत्त्वाचे कलम आरंभी सांगितलेले, नाजूक वस्तूंच्या तडकण्याचे. ते काढून टाकता येते का किंवा वाढीव हप्ता घेऊन शिथिल करता येते का, हे ब्रोकरमार्फत लेखी विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर त्या पॉलिसीचा उपयोग चोरी, आग, पूर आणि वाहनाचा अपघात यांपुरताच आहे असे समजून चालावे, आणि हप्त्यात वाचलेले पैसे फायबरच्या पेटाऱ्यावर खर्च करावेत. कुठलीही पॉलिसी भोपळ्याला स्पंजचे अस्तर देत नाही.

दुसरे कलम वाहनातील चोरीचे. चहूबाजूंनी बंद असलेल्या गाडीतून, सर्व दारे-काचा नीट बंद व कुलूपबंद असताना झालेली चोरीच धरली जाते. उघड्या हौद्याच्या टेम्पोवर ताडपत्री बांधून वाद्ये ठेवायची आणि रस्त्यात जेवायला उतरायचे, ही आपल्या पथकांची नेहमीची रीत या कलमात बसत नाही. एक माणूस वाद्यांपाशी बसवावा किंवा बंद गाडी करावी.

तिसरी बाब घरफोडी आणि चोरी यांतल्या फरकाची आहे. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने किंवा हिंसेने प्रवेश झाला पाहिजे अशी अट असेल, तर त्या शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घ्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले आहे. रंगपटाची खोली उघडी होती आणि पेटी गेली, म्हणजे कुलूप तुटलेले नाही, खिडकी वाकलेली नाही. अशा वेळी घरफोडीचा विमा असूनही भरपाई मिळत नाही. साध्या चोरीचे संरक्षण पॉलिसीत स्पष्ट शब्दांत आहे का, ते पाहावे.

झीज, बुरशी, कसर, वाळवी, उंदीर, हवामानातील बदल, दुरुस्ती वा साफसफाई करताना झालेले नुकसान, यांत्रिक व विद्युत बिघाड हे सामान्यतः वगळलेले असतात. उंदराने तबल्याची चामड्याची पुडी कुरतडली, दमट हवेने तिच्यावरची शाई सुटली, उन्हाळ्यात तंबोऱ्याची तबली (दर्शनी लाकडी फळी) वाकली, तारा तुटल्या, या गोष्टी विम्याच्या नव्हेत, देखभालीच्या आहेत.

नुकसान झाल्यावर येणारा आर्थिक तोटाही धरला जात नाही. कार्यक्रम रद्द झाल्याने बुडालेली बिदागी, भाड्याने आणलेल्या वाद्याचा खर्च आणि दुरुस्तीनंतर उतरलेला नाद यांचा यात समावेश होतो. शेवटची गोष्ट कलाकाराला सर्वांत बोचते. आमचा तो तंबोरा कारागिराने अतिशय सफाईने सांधून दिला, जवारीही (तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून साधलेली बैठक) काढून दिली, तरी खर्जाच्या तारेचा पूर्वीचा गोलावा आला नाही. दावा मंजूर झाला असता तरीही सांधण्याचाच खर्च मिळाला असता, त्या गोलाव्याचा नव्हे.

सहावी पायरी: अर्ज भरताना काहीही लपवू नये

विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासाचा मानला जातो. आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती विचारण्यापूर्वीच सांगणे हे आपले कर्तव्य असते. वाद्य व्यावसायिक कार्यक्रमांत वाजते, विद्यार्थीही ते हाताळतात, कधीकधी दुसऱ्या कलाकाराला वाजवायला दिले जाते, घर पूररेषेत येते, पूर्वी दावा नाकारला गेला आहे, हे सारे अर्जात लिहावे. ‘वैयक्तिक वापर’ या चौकटीत खूण केली की हप्ता कमी बसतो आणि दाव्याच्या दिवशी तीच खूण समोर ठेवली जाते. प्रतिनिधी आपल्या वतीने अर्ज भरत असेल तरी सही आपली असते, म्हणून भरलेला अर्ज वाचून त्याची प्रत ठेवावी.

मालकीचा प्रश्नही याच वेळी सोडवावा. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले आर्थिक नुकसान होते, तिचाच विमा आपल्याला घेता येतो. मंडळाची वाद्ये मंडळाच्या नावे, वैयक्तिक वाद्ये ज्याच्या त्याच्या नावे असावीत. गुरुजींचा तंबोरा आपल्याकडे सांभाळायला असेल, तर तो कोणाचा आहे, आपल्या ताब्यात कधीपासून आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे हे सांगणारे दोघांच्या सहीचे पत्र करून तशी नोंद पॉलिसीत करून घ्यावी. गुरूंशी असा कागद करणे संकोचाचे वाटते. तरी वाद्य गेल्यावर त्यांच्यासमोर उभे राहणे त्याहून जड जाते.

सातवी पायरी: हप्ता आणि तारीख

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. प्रतिनिधीला फोनवर ‘करून टाका’ म्हटल्याने विमा सुरू होत नाही. पावती आणि पॉलिसीवर छापलेली सुरुवातीची तारीख व वेळ पाहावी. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो अंदाजात धरावा. मुदत संपण्याची तारीख ऐन पावसाळ्यात येऊ देऊ नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आल्यावर आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाल्यावर विमा शोधणाऱ्याला नवे संरक्षण मिळणे अवघडच असते. आमची पॉलिसी आम्ही एप्रिलमध्ये नव्याने सुरू होईल अशी बेतली आहे. त्या निमित्ताने पावसाळ्यापूर्वी सगळ्या वाद्यांची तपासणीही होते.

पॉलिसी हाती आली की जोडलेली वाद्यांची यादी आपल्या यादीशी ताडून पाहावी. स्वतंत्र नोंद नसलेल्या वस्तूला एका नगामागे लहानशी मर्यादा लागते. वर्षात नवे वाद्य घेतले तर ते आपोआप समाविष्ट होत नाही. त्यासाठी पुरवणी करून घ्यावी.

प्रवासात पाळावयाच्या गोष्टी

रेल्वेने जाताना वाद्य बरोबर डब्यात ठेवले असेल, तर १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १०० प्रमाणे, नोंदणी करून पावती न घेतलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर नसते. प्रवाशाने स्वतः बाळगलेल्या सामानाच्या बाबतीत रेल्वे कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, नोंदणी करून दिले तर जबाबदारी येते, पण ती वजनावर मोजली जाते. मूल्य जाहीर करून जादा आकार भरला नसेल तर लाखाच्या सतारीला तिच्या वजनाच्या हिशेबाने मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असते. मिरज जंक्शनवरून वाद्ये नोंदवणाऱ्यांनी मूल्यजाहीरनाम्याची विचारणा खिडकीवरच करावी.

कार्यक्रमाच्या ठिकाणी पोहोचल्यावर आणि निघताना वाद्यांचे एकेक छायाचित्र घ्यावे. आयोजकांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात रंगपटाला कुलूप व राखणदार कोण देणार, ही एक ओळ असावी. दुसऱ्या कलाकाराला वाद्य वाजवायला देताना कोणती जबाबदारी कोणाची, हे पॉलिसी परवानगी देते का ते पाहूनच ठरवावे.

नुकसान झाले तर

घाबरून पहिला फोन कारागिराला केला जातो. तो दुसरा असावा. पहिला कंपनीला करावा आणि लगेच ईमेलनेही कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. चोरी असेल तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा आणि तक्रारीत वाद्याचे तेच वर्णन द्यावे जे पॉलिसीत आहे. ‘एक जुने वाद्य’ असे लिहिले गेले तर पुढे गोंधळ होतो. वाद्य सापडले नाही तर पोलिसांकडून तपासाचा अंतिम अहवालही घ्यावा लागतो.

मोडलेले वाद्य आहे त्या स्थितीत ठेवावे. नुकसान तपासण्यासाठी कंपनीने नेमलेला सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत सांधू नये, तुकडे फेकू नयेत, तुटलेली खुंटीसुद्धा पिशवीत घालून ठेवावी. याचा अर्थ नुकसान वाढू द्यावे असा मात्र नाही: पुराच्या पाण्यातून काढलेली पेटी सावलीत वाळत ठेवणे, भिजलेली गवसणी काढणे, पाणी चढत असताना वाद्ये वरच्या मजल्यावर हलवणे ही वाजवी काळजी पॉलिसीलाच अपेक्षित असते. प्रत्येक कृतीपूर्वी छायाचित्र घ्यावे, एवढेच.

सर्वेक्षक हा मोटारी, यंत्रे आणि गोदामे पाहणारा माणूस असतो. त्याने तंबोरा जवळून पाहिलेलाच असेल असे नाही. त्याच्याशी नम्रपणे, परंतु तपशिलाने बोलावे. कारागिराचे लेखी मत त्याला द्यावे, त्यात काय मोडले, का मोडले, दुरुस्ती शक्य आहे का आणि खर्च किती, हे चार मुद्दे असावेत. जवारी म्हणजे काय आणि भोपळा बदलल्यावर वाद्य बदलते ते का, हेही दोन वाक्यांत समजावून लिहिलेले असावे. सर्वेक्षण अहवालाची प्रत मागता येते, ती मागावी. पूर्ण नुकसान मान्य झाले तर मोडलेल्या वाद्याचे अवशेष कंपनी ताब्यात घेते किंवा त्यांची किंमत वजा करते. भावनिक कारणाने ते जवळ ठेवायचे असतील तर ही वजावट किती, हे सहीपूर्वी लेखी ठरवावे. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असे लिहिलेल्या पावतीवर रक्कम न वाचता सही करू नये.

दावा नाकारला गेला तर

नकाराचे पत्र कोणत्या कलमावर आधारलेले आहे ते आधी पाहावे. कलम नमूद नसेल तर मागून घ्यावे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा असून तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. लोकपालाकडे जाताना वाद्याचे पान, छायाचित्रे, मूल्यांकनपत्र, पॉलिसी, अर्जाची प्रत, सर्वेक्षण अहवाल आणि सर्व पत्रव्यवहार तारखांच्या क्रमाने लावून द्यावा. कलम खरोखरच आपल्या विरोधात असेल, तर तेथेही निकाल बदलत नाही; आमच्या तंबोऱ्याच्या वेळी आम्ही ते कलम पुन्हा वाचले, आणि पुण्याची फेरी वाचवून ते पैसे दोन बंद पेटाऱ्यांवर घातले.